खिमा, गोठा आणि मधला कत्तलखाना: प्रतिरोधक साल्मोनेलाच्या एका साथीचा माग

1983च्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातल्या चार राज्यांत मिळून 18 माणसं साल्मोनेला या जुलाब आणणाऱ्या जीवाणूच्या एकाच प्रकाराने आजारी पडली. एवढ्या विस्तीर्ण प्रदेशात 18 हा आकडा कुणाच्या नजरेतही भरला नसता. पण त्यांतल्या 11 जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, तिथे सरासरी आठ दिवस काढावे लागले आणि एक रुग्ण दगावला. साल्मोनेलाचे जुलाब धडधाकट माणसाला बहुधा आठवड्याभरात सोडतात, औषध न घेताही. इथे तसं होत नव्हतं.

रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांतून जो जीवाणू वाढला तो होता ‘साल्मोनेला न्यूपोर्ट’. साल्मोनेलाचे अडीच हजारांहून जास्त उपप्रकार माहीत आहेत, त्यांतलाच हा एक. वेगळेपण होतं ते त्याच्या प्रतिरोधात. पेनिसिलिनच्या कुळातली अँपिसिलिन व कार्बेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन या तिन्ही औषधांना तो दाद देत नव्हता. मिनेसोटाच्या आरोग्य खात्यातले मायकेल ऑस्टरहोम, साउथ डकोटाचे केनेथ सेंगर आणि अटलांटाच्या सीडीसी या केंद्र सरकारच्या रोगनियंत्रण संस्थेतले स्कॉट होल्मबर्ग व मिचेल कोहेन यांनी या रुग्णांचा माग काढला. त्यांचा निबंध 1984 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला. प्रतिजैविकं, जनावरं आणि माणसाचं आजारपण यांचा विषय निघाला की आजही या निबंधाचा दाखला दिला जातो.

हे प्रकरण इथे सविस्तर मांडण्याचं कारण असं. गोमांसात प्रतिरोधक साल्मोनेला सापडला की सगळे बोट दाखवतात ते कत्तलखान्याकडे, आणि त्यातही लहान कत्तलखान्याकडे. त्या एका बोटात दोन वेगळे प्रश्न मिसळलेले असतात. जीवाणू मांसावर कुठे आला हा एक प्रश्न, आणि तो औषधांना न जुमानणारा कुठे झाला हा दुसरा. दोन्हींची उत्तरं वेगवेगळ्या जागी आहेत. ती वेगळी काढली नाहीत तर उपाय चुकीच्या माणसाच्या गळ्यात पडतो आणि खरी जागा तशीच राहते.

आधी औषध, मग जुलाब

तपास करणाऱ्यांना सगळ्यात आधी खटकली ती रुग्णांनी घेतलेली औषधं. अठरांपैकी 12 जणांनी जुलाब सुरू होण्याआधीच्या 24 ते 48 तासांत पेनिसिलिनच्या कुळातलं औषध घेतलं होतं, आणि तेही जुलाबांसाठी नव्हे, दुसऱ्याच कुठल्या तरी दुखण्यासाठी. म्हणजे क्रम उलटा होता. माणूस जुलाबांनी आजारी पडला म्हणून औषध घेतलं असं घडलं नव्हतं. औषध घेतलं आणि मग जुलाब लागले.

अशा वेळी पहिली शंका गोळ्यांवरच जाते. कारखान्यातच काही मिसळलं असेल का? पण चार राज्यांतल्या वेगवेगळ्या रुग्णांना एकाच जीवाणूने गाठायचं तर त्यांचा समाईक धागा दुसरीकडे असला पाहिजे. तपासाअंती निष्कर्ष निघाला तो असा की औषध घेण्यापूर्वीच हा जीवाणू त्यांच्या पोटात पोचलेला होता. तो थोडा होता, गप्प होता. निरोगी आतड्यात इतर जीवाणूंची एवढी दाट वस्ती असते की बाहेरून आलेल्या थोड्याशा साल्मोनेलाला तिथे पाय रोवायला जागा मिळत नाही. पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधाने ती वस्ती विरळ केली. ज्याच्यावर त्या औषधाचा काही परिणाम होत नव्हता त्याला मोकळं रान मिळालं.

या तपशिलापाशी थोडं थांबायला हवं. प्रतिरोधाबद्दल आपण साधारणपणे एवढंच समजतो की आजार झाल्यावर औषध लागू पडणार नाही. ते खरंच आहे, पण अर्धं. दुसरं अर्धं हे, की एरवी झालाच नसता असा आजार प्रतिरोधामुळे होऊ शकतो. हाच जीवाणू अँपिसिलिनला बळी पडणारा असता तर त्या बारा जणांच्या औषधाने इतरांबरोबर त्याचाही बहुधा निकाल लावला असता. डॉक्टरांनी दिलेलं औषध चुकीचं होतं असं म्हणायला जागा नाही आणि रुग्णांचा तर काहीच दोष नव्हता. गोठ्यात जनावरासाठी वापरलेलं प्रतिजैविक आणि दवाखान्यात माणसासाठी लिहिलेलं प्रतिजैविक, दोन्हींचा परिणाम एकाच आतड्यात येऊन भिडला होता.

प्लाझ्मिडची ओळखपरेड

आज एखाद्या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंच वाचून दोन नमुने एकाच मुळातले आहेत का ते सांगता येतं. 1983 साली ही सोय नव्हती. राज्याराज्यांतल्या प्रयोगशाळांचे नमुने एकमेकांशी ताडून पाहणारं ‘पल्सनेट’ हे जाळं सुरू झालं तेच 1996 साली. होल्मबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हाती होतं ते प्लाझ्मिड.

प्लाझ्मिड म्हणजे जीवाणूच्या मुख्य गुणसूत्रापासून अलग असलेली डीएनएची छोटी कडी. औषधांचा प्रतिरोध देणारी जनुकं अनेकदा याच कडीवर असतात, आणि एकाच कडीवर दोन-तीन औषधांचे प्रतिरोध शेजारी शेजारी असू शकतात. तपासणीची पद्धत अशी: जीवाणूची पेशी फोडायची, आतला डीएनए एका पातळ जेलच्या थरात घालायचा आणि त्यातून वीज सोडायची. लहान तुकडे पुढे धावतात, मोठे मागे रेंगाळतात. रंग दिल्यावर जेलवर पट्टे उमटतात आणि पट्ट्याच्या जागेवरून प्लाझ्मिडचा आकार कळतो. या रुग्णांच्या जीवाणूत 38 किलोबेसचं, म्हणजे डीएनएच्या 38 हजार अक्षरांएवढं, एक प्लाझ्मिड होतं. सगळ्यांत तेच.

मग चमूने जाळं मोठं टाकलं. आसपासच्या सहा राज्यांतले माणसांचे आणि देशभरातले जनावरांचे, असे 18 महिन्यांतले न्यूपोर्टचे नमुने मागवून त्यांचे पट्टे ताडून पाहिले. जनावरांच्या नमुन्यांत हाच ठसा मिळाला तो साउथ डकोटातल्या एका डेअरीवरच्या वासराच्या नमुन्यात. डेअरीला लागूनच गोमांसासाठी पोसलेल्या गुरांचा कळप होता. त्या कळपाच्या खाद्यात क्लोरटेट्रासायक्लिन मिसळलं जात होतं. जनावरं आजारी होती म्हणून नव्हे, वजन लवकर भरावं म्हणून. मात्रा आजार बरा करण्याच्या मात्रेपेक्षा बरीच कमी.

कमी मात्रा ऐकायला निरुपद्रवी वाटते. जीवाणूंच्या बाबतीत ती उलट काम करते. औषध सगळ्यांना मारण्याइतकं नसतं, पण ज्यांच्यात प्रतिरोध आहे त्यांना इतरांपेक्षा वरचढ करण्याइतकं असतं, आणि ते रोज, महिनोन्‌महिने, कळपातल्या प्रत्येक जनावराच्या पोटात जात राहतं. टेट्रासायक्लिनच्या या दबावाखाली जो जीवाणू टिकतो तो स्वतःजवळचा अँपिसिलिनचा प्रतिरोधही सोबत घेऊनच टिकतो. म्हणून त्या गुरांना कुणी पेनिसिलिन दिलंच नसलं तरी त्यांच्याकडून आलेला साल्मोनेला माणसाच्या पेनिसिलिनला पुरून उरला.

कागदांवरून काढलेला रस्ता

साउथ डकोटातल्या कळपापासून मिनेसोटातल्या माणसाच्या ताटापर्यंतचा रस्ता प्रयोगशाळेने दाखवला नाही. तो कागदांनी दाखवला. कुठल्या दिवशी कुठली गुरं कापली गेली, मांस कुठे गेलं, कुठल्या दुकानांत त्याचा खिमा विकला गेला, अशा वितरणाच्या निवडक नोंदी तपासून चमू या निष्कर्षाला आला की रुग्णांनी याच गुरांच्या मांसाचा हॅम्बर्गर खाल्ला होता.

यावर टीकाही झाली, आणि ती वाचल्याशिवाय हे प्रकरण पुरतं समजत नाही. रुग्ण आजारी पडेपर्यंत त्यांनी खाल्लेलं मांस संपलेलं होतं आणि ज्या गुरांचं ते होतं त्यांच्या पोटातला नमुना घेण्याची वेळ कधीच निघून गेली होती. जुळणारा जीवाणू मिळाला तो शेजारच्या डेअरीतल्या वासरात. साखळीतल्या मधल्या कड्या नोंदींवर आणि तर्कावर उभ्या होत्या. पशुखाद्यात औषध घालण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. माझ्या मते 38 किलोबेसचं तेच प्लाझ्मिड, तोच प्रतिरोध आणि मांसाच्या प्रवासाची जुळणारी नोंद, या तिन्हींचा मेळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नव्हताच. पण कड्या निसटल्या होत्या, हे टीकाकारांचं म्हणणंही खोटं नव्हतं.

दोन वर्षांनी कॅलिफोर्नियात

त्या कड्या 1985 साली कॅलिफोर्नियात भरून निघाल्या. तिथे साल्मोनेला न्यूपोर्टचे रुग्ण एकाएकी जवळपास पाचपट झाले. मिळालेल्या न्यूपोर्टपैकी 87 टक्के जीवाणूंत प्रतिरोधाचा एकच विचित्र नमुना आणि एकच प्लाझ्मिड होतं. या वेळी ज्या औषधांवर मात झाली होती त्यांत क्लोरॅम्फेनिकॉल होतं. त्याने काही माणसांच्या अस्थिमज्जेचं काम कायमचं बंद पडू शकतं, म्हणून मांस किंवा दूध देणाऱ्या जनावरांत ते वापरायला अमेरिकेत परवानगीच नव्हती. म्हणजे कुठेतरी ते बेकायदा वापरलं जात होतं.

लॉस एंजेलिस कौंटीतल्या 45 रुग्णांची त्यांच्याच वयाच्या व परिसरातल्या निरोगी लोकांशी तुलना केली तेव्हा आजाराआधीच्या महिन्यात पेनिसिलिन किंवा टेट्रासायक्लिन घेतलेलं असणं आणि आधीच्या आठवड्यात खिमा खाल्लेला असणं, या दोन गोष्टी पुढे आल्या. मध्य-पश्चिमेतलाच सांधा पुन्हा दिसला.

या वेळी तपासाच्या वाटेवर प्रत्येक ठिकाणी जीवाणू हाती लागला. रुग्णांनी खाल्लेल्या हॅम्बर्गरमध्ये. ते मांस जिथून आलं त्या कत्तलखान्यांत. ज्या दिवशी दूषित मांस तयार झालं त्या दिवशी गुरं पाठवणाऱ्या डेअऱ्यांवर. आणि तिथल्या आजारी गाईंत. याहून मोलाची एक गोष्ट कत्तलखान्यांच्या तुलनेतून निघाली. ज्या कत्तलखान्यात डेअरीतून काढलेल्या गुरांचं प्रमाण जास्त, तिथे कापलेल्या धडांवर क्लोरॅम्फेनिकॉलला न जुमानणारा साल्मोनेलाही जास्त सापडला. डेअरीच्या बाजूनेही तेच: जिथे क्लोरॅम्फेनिकॉल वापरलं जात होतं तिथल्या जीवाणूत हा प्रतिरोध होता.

म्हणजे कत्तलखान्यातलं मांस कुठल्या जातीच्या जीवाणूने माखलेलं निघेल हे बऱ्याच अंशी दारातून आत येणारं जनावर ठरवत होतं. आत काम करणारे हात किती जीवाणू मांसावर जाऊ देतात हे ठरवत होते. सुरुवातीला मांडलेले दोन प्रश्न इथे आकड्यांनिशी वेगळे झाले.

आत काय होतं

आता त्या हातांकडे पाहू. लहान कत्तलखान्याबद्दल जे बोललं जातं त्यात तुच्छता बरीच आणि माहिती थोडी असते, असं मला नेहमी जाणवतं.

निरोगी जनावराच्या स्नायूत साल्मोनेला नसतो. तो असतो आतड्यात, शेणात आणि शेणाने माखलेल्या चामड्यावर. चामडं बहुतेक वेळा गोठ्यापेक्षाही कत्तलखान्याच्या आवारातल्या थांबण्याच्या जागेत माखतं, कारण तिथे वेगवेगळ्या ठिकाणची जनावरं एकाच ओल्या जमिनीवर उभी राहतात, बसतात. लहान कत्तलखान्यात एका दिवशी निरनिराळ्या गोठ्यांतून एक-एक, दोन-दोन जनावरं येतात. म्हणजे संख्या कमी असली तरी सरमिसळ कमी असतेच असं नाही.

मांस दूषित होण्याचे क्षण मोजके आहेत आणि ते ओळखता येतात. पहिला, चामडं उघडताना. सुरी बाहेरून आत घातली तर चामड्यावरची घाण पात्याबरोबर मांसात जाते. म्हणून आधी एक छोटी चीर घ्यायची, पातं उलटं करायचं आणि आतून बाहेर कापत जायचं. चामडं धरलेला हात मांसाला लागता कामा नये. मोठ्या कारखान्यात जनावर साखळीला टांगलेलं असतं आणि चामडं यंत्राने ओढून काढतात. लहान जागी बऱ्याचदा ते जमिनीलगतच्या चौकटीवर आडवं ठेवून सुरीने सोलतात. एकच माणूस एका हाताने चामडं धरतो, दुसऱ्याने कापतो आणि पुढच्या मिनिटाला तेच हात आतल्या मांसाकडे वळवतो. इथे एक साधी सवय फार काम करते: दोन सुऱ्या बाळगायच्या, एक हातात आणि दुसरी 82 अंश सेल्सिअसच्या पाण्यात, आणि प्रत्येक टप्प्याला अदलाबदल करायची. पाणी तेवढं तापलेलं आहे का, हे दिवसातून दोनदा पाहण्यासाठी थर्मामीटर पुरतो.

दुसरा क्षण आतडी काढतानाचा. गुदद्वार सोडवून पिशवीत बांधलं नाही, अन्ननलिकेला गाठ मारली नाही किंवा पोट उघडताना सुरीचं टोक आतड्यात घुसलं, तर पुढची सगळी धुलाई व्यर्थ जाते. शेणाचा डाग पाण्याच्या फवाऱ्याने दिसेनासा होतो, जीवाणू मात्र पसरतो. डाग दिसला तर आधी तेवढा भाग कापून टाकायचा आणि मगच धुवायचं, वरून खाली. मग विरळ लॅक्टिक आम्लाचा फवारा. मोठ्या कारखान्यांत त्यासाठी गरम पाण्याच्या आणि आम्लाच्या स्वयंचलित खोल्या असतात. लहान जागेला ते परवडत नाही, पण पाठीवर किंवा हातात धरायचा पंपही नीट वापरला तर उपयोगी पडतो. अट एकच, द्रावणाची तीव्रता मोजलेली हवी आणि धडाचा प्रत्येक भाग भिजला पाहिजे.

लहान जागेचा एक फायदा क्वचितच बोलला जातो. मोठ्या कारखान्यात तासाला शेकडो जनावरं साखळीवरून सरकतात, कामगाराला प्रत्येक धडापाशी काही सेकंदच मिळतात. दिवसाला मोजकी जनावरं कापणाऱ्या ठिकाणी घाई हा प्रश्नच नसतो. थांबून डाग कापून काढता येतो, सुरी बदलता येते. कौशल्य असेल आणि ते शिकवणारं कुणी असेल, तर लहान जागी स्वच्छ मांस निघू शकतं. अडचण असते ती शिकवणाऱ्याची आणि मोजमापाची.

मोजमापाची गोष्ट जरा उलगडून सांगतो. अमेरिकेच्या कृषी खात्याने 1996 साली कत्तलखान्यांना धोक्याच्या टप्प्यांवर नियंत्रण ठेवण्याची हॅसप पद्धत बंधनकारक केली. 500 किंवा जास्त कामगारांच्या मोठ्या कारखान्यांना ती 1998च्या जानेवारीपासून लागू झाली, 10 ते 499 कामगारांच्या लहानांना 1999च्या आणि दहापेक्षा कमी कामगार किंवा वर्षाला 25 लाख डॉलरपेक्षा कमी विक्री असलेल्या अतिलहानांना 2000च्या जानेवारीपासून. विष्ठेचा संपर्क किती होतो हे कळण्यासाठी आतड्यात राहणाऱ्या साध्या ई. कोलाय या जीवाणूची चाचणीही ठरवून दिली. मोठ्या जागी दर 300 धडांमागे एक. वर्षाला सहा हजार किंवा त्याहून कमी गुरं कापणाऱ्या ठिकाणी जूनपासून आठवड्याला एक, असे वर्षाकाठी 13 नमुने पुरतात. खर्चाच्या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे. पण 13 नमुन्यांतून लहान कत्तलखान्याच्या मालकाला स्वतःच्या कामाबद्दल किती कळणार? फेब्रुवारीत पाणी गोठतं, चिखल वेगळा असतो, कामगार बदलतो. यांतलं काहीच त्या आकड्यांत उतरत नाही.

आणि एक गोष्ट कुठल्याही हाताच्या आवाक्याबाहेरची. साल्मोनेला जनावराच्या लसिकाग्रंथींतही शिरून बसतो. या ग्रंथी चरबीत दडलेल्या असतात. ना फवारा तिथे पोचतो ना सुरी, आणि चरबीचे तुकडे जातात खिम्यात. बाहेरून स्वच्छ धड निघालं तरी खिमा दूषित निघू शकतो तो यामुळे. शिवाय खिम्याच्या एका घाण्यात कित्येक जनावरांचे तुकडे एकत्र दळले जातात. म्हणून अख्ख्या तुकड्यापेक्षा खिम्याला जास्त जपावं लागतं आणि तो आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला शिजवायला सांगतात. प्रतिरोधक जीवाणू उष्णतेलाही प्रतिरोधक असतो असा एक गैरसमज आहे. तसं नाही. आच आणि आम्ल साध्या आणि प्रतिरोधक, दोन्ही जीवाणूंना सारखंच मारतात. कत्तलखान्याला प्रतिरोधक साल्मोनेलासाठी वेगळं काही करावं लागत नाही, साध्या साल्मोनेलासाठी जे करायचं तेच चोख करावं लागतं.

जबाबदारी कुणाची

या प्रश्नावर न्यायालयातही झगडा झाला. टेक्सासमधल्या ‘सुप्रीम बीफ’ नावाच्या खिमा तयार करणाऱ्या कंपनीचे नमुने साल्मोनेलाच्या ठरवून दिलेल्या 7.5 टक्क्यांच्या मर्यादेत वारंवार बसेनात, तेव्हा कृषी खात्याने तिथले निरीक्षक काढून घ्यायची तयारी केली. निरीक्षक नाही म्हणजे विक्री नाही. कंपनी न्यायालयात गेली. तिचं म्हणणं, साल्मोनेला आमच्याकडे विकत घेतलेल्या मांसातूनच येतो, आमची जागा स्वच्छ आहे. 2001 साली पाचव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल दिला. कायदा कारखान्यातल्या अस्वच्छतेबद्दल बोलतो, आत येणाऱ्या मालातल्या जीवाणूबद्दल नाही, असा त्याचा अर्थ.

खिमा करणारा म्हणतो कत्तलखान्यातून आला. कत्तलखाना म्हणतो जनावरातून आला. जनावर पाळणाऱ्याला कुणी विचारतच नाही. ‘ई. कोलाय ओ157:एच7’ या ई. कोलायच्या घातक प्रकाराला 1994 साली भेसळ ठरवण्यात आलं, म्हणजे तो सापडला की खिमा विकायचाच नाही. गोमांसातल्या साल्मोनेलाला तो दर्जा मिळाला नाही. प्रतिरोधक साल्मोनेलाच्या चार उपप्रकारांना, न्यूपोर्टसह, भेसळ ठरवा अशी मागणी एका ग्राहक संघटनेने 2011 साली केली. ती 2014 मध्ये फेटाळली गेली आणि पुन्हा केल्यावर 2018 मध्ये परत फेटाळली गेली.

माझं स्वतःचं मत या मागणीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. तो दंडा फक्त कत्तलखान्याच्या आणि खिमा करणाऱ्याच्या पाठीत बसणार असेल तर लहान कत्तलखाने बंद पडतील, जनावरं दूरच्या मोठ्या कारखान्यांत जातील आणि गोठ्यातला औषधांचा वापर आहे तसाच राहील. कॅलिफोर्नियात कत्तलखान्याच्या मागे डेअरीपर्यंत जाता आलं ते कत्तलीचा दिवस आणि गुरं पाठवणाऱ्याचं नाव लिहिलेलं होतं म्हणून. कुठल्या गोठ्यातलं जनावर, कुठल्या दिवशी कापलं, शेवटचं औषध कुठलं आणि कधी दिलं, आणि मांस कुणाला गेलं, एवढ्या चार रकान्यांची वही लहान कत्तलखान्यात ठेवणं मोठ्या कारखान्यापेक्षा सोपं आहे, कारण तिथे मालक जनावर आणणाऱ्याला तोंडाने ओळखतो. औषधाचा रकाना मात्र आजही बहुतेक ठिकाणी कोरा राहतो. विचारलं जातं ते एवढंच की औषध दिल्यावर मांसातून ते उतरायला लागणारे दिवस उलटले का. अंश उतरतात, जीवाणू तिथेच राहतो.

नोंद नसली की काय होतं ते 2011 साली दिसलं. अमेरिकेच्या ईशान्य भागात एका सुपरमार्केट साखळीच्या खिम्यातून सात राज्यांतल्या 20 जणांना अनेक औषधांना दाद न देणारा ‘साल्मोनेला टायफीम्युरियम’ झाला. दुकानांत खिमा कुठल्या पुरवठादाराच्या कुठल्या तुकड्यांपासून दळला याची पुरेशी नोंद नव्हती, त्यामुळे माग दुकानापाशीच थांबला. कत्तलखाना कोणता, गोठा कोणता, हे कळलं नाही. दळणाची नोंद ठेवणं बंधनकारक करणारा नियम 2015च्या डिसेंबरमध्ये आला.

गोठ्यातलं औषध

पशुखाद्यातल्या औषधांबद्दलचा धोका त्या अठरा रुग्णांच्या आधीपासून माहीत होता. ब्रिटनमध्ये 1969च्या स्वान समितीने माणसांसाठी वापरली जाणारी प्रतिजैविकं जनावरांचं वजन वाढवण्यासाठी वापरू नयेत असं सांगितलं होतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 1977 साली खाद्यातलं पेनिसिलिन आणि टेट्रासायक्लिन मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. तो तसाच पडून राहिला. होल्मबर्ग यांचा निबंध आल्यावर 1984च्या नोव्हेंबरमध्ये सरकारकडे अर्ज झाला की हा तातडीचा धोका जाहीर करा. तोही नाकारला गेला. 1977चा प्रस्ताव 2011च्या डिसेंबरमध्ये अधिकृतपणे मागेच घेण्यात आला. त्याऐवजी 2013 साली औषध कंपन्यांना लेबलवरून ‘वजनवाढीसाठी’ हा उपयोग आपणहून काढायला सांगण्यात आलं आणि 2017च्या जानेवारीपासून तो वापर थांबला. साउथ डकोटातला तो कळप कापला गेल्याला तोवर तेहतीस-चौतीस वर्षं उलटून गेली होती. मला या विलंबाचा राग येतो आणि तो मी लपवत नाही. पुरावा कमी पडला म्हणून हे झालं नाही. मध्य-पश्चिमेतल्या निबंधातल्या त्रुटी कॅलिफोर्नियातल्या तपासावर 1987 साली छापून आलेल्या निबंधाने तेव्हाच भरून काढल्या होत्या.

2017 साली अमेरिकेत माणसांसाठी महत्त्वाच्या प्रतिजैविकांची जनावरांसाठी झालेली विक्री आदल्या वर्षापेक्षा 33 टक्क्यांनी घटली. आकडा मोठा होता आणि त्याचं स्वागतही झालं. पण त्याच वर्षात गुरांसाठीच्या मॅक्रोलाइड गटातल्या औषधांचा वापर 41 टक्क्यांनी वाढला होता. माणसांसाठीचं अझिथ्रोमायसिन याच गटातलं आहे. तोंडावाटे घेता येणारं आणि साल्मोनेलाचा आजार गंभीर झाल्यावर डॉक्टरांच्या हाती उरणाऱ्या मोजक्या औषधांपैकी ते एक. जून 2018 ते मार्च 2019 या काळात 32 राज्यांतल्या 255 जणांना साल्मोनेलाच्या ज्या प्रकाराने आजारी पाडलं त्याच्यावर अझिथ्रोमायसिनचा परिणाम कमी होत होता. 60 जण रुग्णालयात गेले, दोघे दगावले. रुग्णांनी खाल्लेल्या पदार्थांत अमेरिकेत घेतलेलं गोमांस आणि मेक्सिकोत घेतलेलं मऊ चीज पुढे आलं. जनुकसंच वाचल्यावर तोच जीवाणू कत्तल झालेल्या एका बैलाच्या आतड्यातल्या नमुन्यातही सापडला. उपप्रकार होता न्यूपोर्ट.